सोमाभाऊंनी विमान उडू दिलं नाही

माझ्या बाबांची शेवटची इच्छा ज्या माणसाने मोडली, तो आज पहाटे गेला.

सोमाभाऊ. वय एकाहत्तर. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात टर्बाइनच्या मेंटेनन्सला सगळी नोकरी काढली. रिटायर झाल्यावर आमच्या विमानाचे झाले.

हो, विमान. बाबांचा राजुऱ्याला कोळसा वाहतुकीचा धंदा होता. म्हातारपणी त्यांनी चार सीटचं एक जुनं विमान घेतलं आणि चंद्रपूरच्या धावपट्टीवर आणून ठेवलं. अर्धा तालुका म्हणाला, म्हातारा सटकला.

उडवायचो मी. लायसन्सवाले इंजिनियर नागपूरहून यायचे. सही त्यांची, पण त्यांच्या देखरेखीत हात काळे करायचे ते सोमाभाऊ.

त्यांचं ऑइल बदलणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. आधी इंजिन चालवून गरम करायचं. थंड ऑइल घाण मागे ठेवून येतं, म्हणायचे. मग खाली डबा लावून सगळं निथळू द्यायचं, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत.

काढलेलं काळं ऑइल ते धानोऱ्याकडच्या आपल्या गावी न्यायचे. लाकडाला उदई, म्हणजे वाळवी, लागू नये म्हणून तिथल्या अर्ध्या दारांना आमच्या विमानाचं ऑइल फासलेलं आहे. याचा बाबांना फार अभिमान.

पण खरं काम पुढेच. जुना फिल्टर कोणी फेकून देईल. भाऊ तो डब्यासारखा कापायचे. आतला घडीचा कागद पेट्रोलमध्ये धुऊन, बाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, जुन्या परातीत उन्हात पसरायचे आणि चष्मा नाकावर ओढून बघत बसायचे.

इंजिन आतून झिजत असेल तर ते आधी इथे कळतं.

दीड वर्षापूर्वी बाबांचा कॅन्सर शेवटाला आला. डॉक्टरांनी दिवस सांगून टाकले. बाबा एकच म्हणाले, वर्धा नदीच्या काठावर जिथून पहिला ट्रक सुरू केला, ती जागा एकदा वरून पाहायची आहे.

रविवार ठरला. खुर्ची, उशी, ऑक्सिजन, सगळी तयारी झाली. डॉक्टरही सोबत यायला तयार झाले.

शनिवारी भाऊ म्हणाले, ऑइलचे तास भरले आहेत, आधी बदलू. मी म्हणालो, सोमवारी करू. त्यांनी ऐकलं नाही. इंजिनियरसाहेबांना बोलावून घेतलं आणि कामाला लागले.

दुपारी परातीत चमचम दिसली.

मी म्हणालो, चंद्रपूरची धूळ असेल भाऊ, इथे कशावर नसते?

तुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक त्यांच्या खिशात असायचं. ते परातीखालून फिरवलं. वरचे कण सरळ उभे राहिले आणि चुंबकामागे चालू लागले.

"धूळ अशी चालते का, बाबू?"

मी हट्टाला पेटलो. वीस मिनिटांचं उड्डाण, जाऊन येऊ. इंजिनियरसाहेब नाही म्हणाले, तरी मी भाऊंनाच धरून बसलो. ते हो म्हणाले तर साहेबांचं मन वळेल, असं मला वाटत होतं.

"उडन," भाऊ म्हणाले. "उतरन का नाई, ते मले सांगता येत नाई."

मग मी ते बोललो. जे बोलायला नको होतं.

"तुमचा बाप असता तर असं केलं असतं का?"

भाऊंनी फडक्याला हात पुसले. परात उचलली. आणि सायकलवर बसून घरी गेले.

नऊ दिवसांनी बाबा गेले. नदी न बघता.

इंजिन उघडलं तेव्हा आतला एक भाग खरंच झिजत आला होता. इंजिनियरसाहेब म्हणाले, अजून वीस तास चाललंही असतं, नाहीतर टेकऑफलाच गेलं असतं. कोणी सांगू शकत नाही.

मी त्यातलं पहिलंच वाक्य उचललं. वर्षभर तेच चघळत बसलो.

बाबांच्या तेरवीला भाऊ आले होते. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

इंजिन दुरुस्त होऊन आलं, दुसऱ्या माणसांनी बसवलं. मी दोनदा उडवलं आणि सोडून दिलं.

मागच्या मंगळवारी त्यांचा मेसेज आला. "बाबू, ऑइलले चार महिने झाले. विमान उडो न उडो, ऑइल बदलाच लागते. मी येऊ का?"

मी वाचला. उत्तर दिलं नाही.

आज त्यांच्या घरी गेलो. अंगणात गावाकडची माणसं बसली होती, येणाऱ्याला हात जोडून ‘जोहार’ म्हणत होती. मातीची तयारी चालली होती. बाईंसमोर मान वर होईना.

बाईंनीच मला बाजूला बसवलं.

"तू त्या दिवशी बोलला ते त्यायनं घरी सांगतलं होतं. मी म्हटलं, तुमी काऊन आयकून घेतलं? तर म्हणे, बाप चालला त्याचा, राग कोनावर काढन तो? माह्यावर काढू दे. जिता हाय म्हणून रागावून राह्यला न."

जिता हाय म्हणून.

मी तिथेच, सगळ्यांसमोर, लहान पोरासारखा रडलो. बाबा गेले तेव्हा रडलो नव्हतो.

माती देताना हात जोडले, पण बोलायचं ते राहूनच गेलं. म्हणून इथे लिहितोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

भाऊ, तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं.

त्या रविवारी मी मेलोही असतो, बाबांना घेऊन.

या भाऊ, असं उत्तर द्यायला मला एक मिनिट लागलं असतं. ते मी दिलं नाही, आणि आता ते कोणाला देऊ?

सोमाभाऊ, जोहार.