कुंकू वाकडं

"इथं हाये ते दिसलं. पन अजून कुठं हाये?"

भाऊंचं हे वाक्य खामगावात त्यांच्या स्टुडिओची पायरी चढलेल्या प्रत्येकानं ऐकलेलं असणार. कुणी पेन ड्राइव्ह पुढे करून म्हणायचं, साखरपुड्याचे सगळे फोटो यात आहेत. भाऊ चष्म्यावरून त्याच्याकडे बघायचे आणि हाच प्रश्न विचारायचे. समोरचा गोंधळायचा. "अजून कुठं म्हंजे? यातच हायेत ना!"

"मंग नाईत असंच समजा," म्हणून भाऊ आधी त्याची एक प्रत करून घ्यायचे आणि मगच कामाला हात लावायचे.

अशी धास्तावलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. भाऊंच्या खिशात दोन पेनं असायची, पिशवीत दोन चष्मे. दुकानाच्या चाव्या तीन. एक त्यांच्याकडे, एक समोरच्या चहावाल्याकडे आणि तिसरी कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एक दिवस भाऊंची चावी हरवली. चहावाल्यानं त्याची इतकी जपून ठेवली होती की त्यालाही सापडेना. शेवटी कुलूप तोडलं, तेव्हा तिसरी दुकानाच्या आतच खिळ्याला टांगलेली दिसली. आम्ही पोट धरून हसलो. भाऊ मात्र गंभीरपणे म्हणाले, "चार पायजे होत्या."

मी त्याच दुकानाच्या अर्ध्या जागेत लग्नपत्रिका आणि अर्ज टाइप करते. आमच्या खुर्च्या पाठीला पाठ लावून होत्या, त्यामुळे कित्येक वर्षं मी भाऊंचा चेहरा कमी पाहिला आणि बोलणं जास्त ऐकलं.

लग्नाचे फोटो ते काढायचेच, पण त्यांचं खरं काम गेलेल्या माणसांचं. घरातलं कुणी गेलं की लोक एखादा फोटो घेऊन यायचे. कधी बारशातल्या घोळक्यातला, कधी ओळखपत्रावरचा. भाऊ त्यातून तेवढी बाई अलगद वेगळी करायचे, तिच्या खांद्यावरचा जावेचा हात काढायचे, पदर नीट करायचे, पुसट झालेलं कुंकू पुन्हा लावायचे. तेरवीच्या आधी फ्रेम तयार असायची.

या कामासाठी त्यांच्याकडे फोटोच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या फायलींचा मोठा साठा होता. काही फायली एका बटणावर दहा कामं करून द्यायच्या. काही म्हणजे फोटोतला एखादा तुकडा उचलून केलेले शिक्के. त्यांना ब्रश म्हणतात; पाहिजे तिथं उमटवता येतात. भाऊंनी हे सगळं स्वतः जमवलेलं, आणि नावंही स्वतःच दिलेली. "डोये उघडा", "सुरकुत्या कमी", "सुरकुत्या लय कमी, नका करू", "फेटा सरळ", "फेटा पाव्हन्याचा". सगळ्याच्या तीन प्रती. एक कंप्यूटरवर, एक बिस्किटांच्या डब्यात ठेवलेल्या हार्ड डिस्कवर आणि एक पेन ड्राइव्ह अमडापूरला त्यांच्या मोठ्या बहिणीकडे, आक्कांकडे. "दुकान जळालं तं डबा बी जळंल. अमडापूर नाई जळत," हा त्यांचा हिशेब.

माझी आई गेली तेव्हा तिचाही फोटो भाऊंनीच केला. फोटो झाला सुरेख. पण भिंतीला लावल्यावर माझ्या लक्षात आलं की कुंकू वाकडं आहे. डावीकडे जरासं सरकलेलं, खालची कड थोडी फिसकटलेली. माझी आई आरशासमोर उभी राहून गोल गरगरीत कुंकू लावणारी बाई होती. दुसऱ्याच दिवशी मी तणतणत दुकानात गेले.

"असू द्या ताई," भाऊ म्हणाले. "घाईत लावलं असं वाटते. जितं वाटते."

"माझी आई कधी घाईत नसायची."

ते पुन्हा पडद्याकडे वळले. मग मी मुद्दाम पाहायला लागले. त्यांच्या हातच्या प्रत्येक फोटोत, मग बाई कुठल्याही घरातली असो, कुंकू तसंच, डावीकडे सरकलेलं. एवढा जपून काम करणारा माणूस आणि कपाळाची मधोमध जागा सापडू नये? माझ्या मनात त्याची अढी बसली ती बसलीच.

एका उन्हाळ्यात भाऊ सोनाळ्याला लग्नाच्या कामासाठी चार दिवस गेले. नीटनेटकेपणाचा मला रोगच आहे. त्यांच्या कंप्यूटरवर माझं एक काम होतं, ते झालं आणि माझी नजर त्या साठ्यावर पडली. एकाच फेट्याच्या पाच फायली, कुंकवाच्या अकरा. मी पदर खोचून बसले. दुबार फायली काढल्या, उरलेलं सुरेख रांगेत लावलं. कुंकवाच्या फायलींत एकीचं नाव होतं "कुंकू वाकडं". मी तिच्याकडे पाहिलं आणि, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. वाकडं कुंकू कुणाला हवं असतं? ती उडवली. गोल, रेखीव अशी तीन ठेवली. सॉफ्टवेअरमध्येही तोच नवा संच बसवला. मग डब्यातली हार्ड डिस्क काढून तीही पुसली आणि तिच्यावर हा स्वच्छ साठा भरला. भाऊ आल्यावर खूश होतील, असं मला मनापासून वाटत होतं.

भाऊ आले. खोकला बरोबर घेऊन आले होते. मी मोठ्या तोऱ्यात त्यांना सगळं दाखवलं. त्यांनी कुंकवाचा कप्पा उघडला, वरून खाली पाहिला, पुन्हा खालून वर पाहिला.

"एक वाकडं होतं ताई."

"काढलं मी ते. सारखंच वाकडं उमटायचं."

त्यांनी डबा उघडला. हार्ड डिस्क लावली, पाहिली, काढून ठेवली. मग स्वतःशीच पुटपुटले, "अजून कुठं हाये?" मला ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले आणि म्हणाले, "मी अमडापूरले जाऊन येतो."

मीही त्यांच्याबरोबर एसटीत बसले.

आक्का अंगणात मिरच्या वाळवत होत्या. पेन ड्राइव्हचं नाव काढताच त्यांचा चेहरा अभिमानानं फुलला. "जपून ठुलं मी. तुनं म्हटलं होतं ना, लय मोलाचं हाये म्हून." त्या आत गेल्या आणि देवघरातून एक छोटं तबक घेऊन आल्या. त्यात बाळकृष्णाशेजारी तो पेन ड्राइव्ह होता. हळदी-कुंकवानं माखलेला, वर अक्षता चिकटलेल्या.

"दर दसऱ्याले पूजा करतो त्याची. तुह्या धंद्याचं लोखंड हाये ना. फूल पान्यात बुडवून वाह्यतो."

त्याच्या तोंडात हळदी-कुंकवाचा चिखल जाऊन सुकून दगड झाला होता. आतली पितळी पट्टी हिरवी पडलेली. भाऊंनी तो हातात घेतला, उलटापालटा केला आणि एकदम हसायला लागले. "आक्का, कुंकू कुंकवातच बुडवलं तू!" आक्काही हसल्या, त्यांना काय ते समजलं नव्हतं तरी. हसता हसता भाऊंना खोकल्याची ढास लागली आणि डोळ्यांत पाणी आलं. ते खोकल्याचं होतं, असं आक्कांना वाटलं असावं.

येताना एसटीत भाऊ खिडकीशी बसले होते. चिखलीकडून येणारी ती गाडी रिकामीच होती. त्यांनी बाहेर बघत मला सांगितलं.

"ते आमच्या घरच्यांचं कुंकू होतं ताई."

त्यांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती. सकाळी गॅसवर दूध असायचं, म्हणून ती दुधावर नजर ठेवून, आरसा न बघताच बोट कपाळाला लावायची. ते रोज डावीकडे जायचं. "मी म्हनो, अवं पाह्यत जाय ना जरा. ते म्हने, तुमी हाये ना पाह्यले." तिचे फोटो होते चार. पण लग्नातली ती नटलेली, आधार कार्डावरची घाबरलेली. रोजच्यासारखी ती एकाच फोटोत होती, स्वयंपाकघरात सहज टिपलेली. एकदा कुणा गिऱ्हाइकाला खऱ्यासारखं कुंकू पाहिजे होतं, म्हणून भाऊंनी त्या फोटोतून कुंकवाचा ब्रश करून घेतला. ती गेली त्याच साली कंप्यूटरची डिस्क खराब झाली. फोटो गेला. प्रत नव्हती. राहिला तो फक्त ब्रश, कारण ब्रश एका मित्राला दिलेले होते. त्याचंही दुकान आता बंद झालेलं.

"तवापासून इचारतो," ते म्हणाले, "अजून कुठं हाये म्हून."

मी माफी मागितली. किती वेळा, ते आठवत नाही. "तुमाले काय मालूम," एवढंच ते म्हणाले. खामगाव येईपर्यंत मी पुढच्या सीटच्या दांड्याकडे बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी घरून आईचा फोटो उतरवून दुकानात घेऊन गेले. मोठा स्कॅन करू, कपाळावरचं कुंकू कापून पुन्हा ब्रश करू. येईल थोडं पुसट, पण येईल. मी भाऊंना तसं म्हणाले. त्यांनी फ्रेमवरची धूळ रुमालानं पुसली आणि ती माझ्या हातात परत दिली.

"नाई ताई. लावलेलं कुंकू काढत नसतात."

"अहो, फोटोवरचंच तर आहे."

"आता ते तुमच्या आईचं हाये."

त्यानंतर ते मी ठेवलेली गोल कुंकवं वापरायचे. तक्रार एकदाही केली नाही. पण कुंकवापाशी आले की त्यांच्या माऊसचा आवाज थोडा वेळ थांबायचा. मी पाठमोरी बसलेली असले तरी मला ते कळायचं, आणि दर वेळी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

खोकला गेला नाही. अकोल्याला दाखवायला आक्का बरोबर होत्या, त्यांनीच नंतर मला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात गाठ आहे. भाऊंनी सवयीनं विचारलं, "इथं हाये ते समजलं. अजून कुठं हाये?" डॉक्टर हातातल्या कागदांकडे बघत राहिले. "त्याले तं नुसती बोलाची सवय होती वो," आक्का म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

चार महिन्यांत भाऊ गेले. त्यांचा फोटो मीच केला. फेटा नको, त्यांनी कधी बांधला नव्हता. "सुरकुत्या कमी" लावून पाहिलं आणि काढून टाकलं. खिशातली दोन्ही पेनं तशीच ठेवली.

त्यांचं काम आता मीच सांभाळते. तो पेन ड्राइव्ह आक्कांनी मला देऊन टाकला. सुईनं कोरून, कापसानं पुसून, दोन दुरुस्तीवाल्यांना दाखवून झालं. तो उघडत नाही. बायकांचे फोटो मीही करते. माझं कुंकू अगदी मधोमध येतं आणि लोकांना ते आवडतं.

गेल्या महिन्यात नांदुऱ्याच्या एक बाई पिशवीतून फ्रेम घेऊन आल्या. भिंतीला ओल येऊन फोटो कडेनं खराब झाला होता. त्यांच्या सासूबाईंचा. मी काच काढली आणि हात तिथंच थांबला. डावीकडे सरकलेलं, खाली थोडं फिसकटलेलं.

"नवा छापून द्या," बाई म्हणाल्या. "अन् ताई, तेवढं कुंकू सरय होते का? पयलेपासून वाकडं हाये ते."

होतं. दोन मिनिटांचं काम. ब्रशसाठी ते कापूनही घेता आलं असतं, कुणाला कळलं नसतं. मी फोटो पडद्यावर घेतला, मोठा केला, आणखी मोठा केला. कुंकवाच्या कडेला बोटाची रेघसुद्धा दिसत होती.

"असू द्या ना," मी म्हणाले. "घाईत लावलं असं वाटतं. जितं वाटतं."

बाई टेबलावर वाकल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"हाव," त्या हळूच म्हणाल्या. "घाईतच राहे माही सासू. आरशात कधी पाह्यलंच नाई तिनं."

मी फोटो होता तसाच छापला आणि फ्रेम कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. त्या पायरी उतरून गेल्यावर मी खुर्ची वळवून भाऊंच्या जागेकडे पाहिलं.

भाऊ, एक नांदुऱ्याले हाये.