मेल गेलाय, तुमचं तुम्ही बघा

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर प्रतिभा कोळपेचा कॉम्प्युटर क्लास होता. आज्यापर्यंत घरात मेंढरं होती. वेबसाईट बनवणारी भावकीत ती पहिलीच, आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू देत नसे.

२००५ साली तिनं एका शिक्षणसंस्थेची वेबसाईट केली. मारुतराव संस्थेचे अध्यक्ष. शिक्षिकांच्या भरतीचे अर्ज वेबसाईटवरच भरायचे आणि मुलाखतीचं बोलावणं सर्व्हरवरची स्क्रिप्ट आपोआप मेलनं पाठवायची. प्रतिभानं वेबसाईटच्याच नावाच्या आपल्या ईमेल पत्त्यावर एक मेल पाठवून बघितला. तो लगेच आला. झालं काम, असं तिला वाटलं.

मुलाखतीला मोजक्याच बाया आल्या. "बाकीच्यांना गरज न्हाई दिसत नोकरीची," असं म्हणून मारुतरावांनी जागा भरून टाकल्या.

त्यानंतर वरवंडहून धनश्रीचा फोन आला. अर्ज भरला होता, पण बोलावणं आलं नव्हतं.

"मेल गेलाय. माझ्याकडं दिसतंय," प्रतिभा म्हणाली.

"ताई, मी चौफुल्याच्या कॅफेत जाऊन रोज बघती. काहीच न्हाई."

"मग पत्ता चुकला असंल तुमचा. मेल उघडता तरी येतो का?"

क्लासमधली पोरं हसली. प्रतिभाला ते जरा आवडलंच.

महिन्याभरानं वेबसाईटवरूनच मेलनं गेलेली संस्थेच्या बैठकीची सूचना खुद्द मारुतरावांनाच मिळाली नाही. त्यांचा पत्ता तर प्रतिभानंच काढून दिलेला. आता कुणाला चुकीचं म्हणणार? तिनं पुण्याच्या सर्व्हरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, वाचणाऱ्याला दिसतो तो पत्ता तुम्ही नीट दिलाय. पण मेलच्या लिफाफ्यावर पाठवणाऱ्याचा वेगळा पत्ता जातो. तो तुम्ही दिलाच नाही, म्हणून मशीननं स्वतःचं नाव टाकलं. असा पत्ता इंटरनेटवर कुठं नाहीच. बाहेरचे बरेच सर्व्हर असा मेल घेत नाहीत."

"पण माझा टेस्टचा आला की."

"तो ह्याच मशीनवर होता. बाहेर गेलाच नाही."

परत आलेले सगळे मेल त्या मशीनच्याच पेटीत पडून होते, आणि ती पेटी कुणी उघडत नसे. धनश्रीला गेलेलं बोलावणं त्यातच निघालं. पत्ता अक्षर न् अक्षर बरोबर होता.

स्क्रिप्टमध्ये पाठवणारा म्हणून संस्थेचा खरा पत्ता द्यायला एक ओळ पुरली. मेल जाऊ लागले. मारुतराव म्हणाले, "झालं ना नीट? मग गावभर कशाला करती?"

प्रतिभाला ते पटवून घ्यायचं होतं. पण पोरांचं ते हसणं कानातून जाईना. शेवटी न्हावऱ्यावरून चौफुल्याला जीप धरून ती वरवंडला गेली.

धनश्रीची सासू तुळजाबाई ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. प्रतिभानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तुळजाबाईचा हात थांबला.

"म्हंजी अर्ज केला व्हता हिनं? आमचा धाकला, पोपट, म्हणला, अर्जबिर्ज काय न्हाई, कॅफेत बसायची थेरं हायती. आम्ही तिचं जाणंच बंद केलं."

धनश्री दारात उभी होती. ती रागावली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "भावजींना सांगाल? मळ्यात हायत."

पोपट उसात पाणी भरत होता. सोबत चार माणसं होती. एकट्याला बाजूला बोलवावं असं प्रतिभाच्या मनात आलं; पण धनश्री मागं उभी होती. मग तिनं सगळ्यांसमोरच सांगितलं, "चूक माझी होती. मेल माझ्यामुळं गेले न्हाईत. ह्यांनी फोन केला, तवा मी ह्यांनाच खोटं पाडलं." चेहरा इतका तापला की तिला मान वर करवेना.

"आसं व्हय," पोपट म्हणाला आणि बारं मोडून पाणी पुढच्या सरीत सोडायला वळला.

परत आल्यावर प्रतिभानं बोलावणं चुकलेल्या प्रत्येकीला फोन केला. दोघींनी मधेच फोन ठेवून दिला. मारुतराव चिडले आणि पुढच्या वर्षी वेबसाईट दुसऱ्याकडं गेली. धनश्री जूनमध्ये दौंडच्या एका शाळेत लागली. प्रतिभाला ते तिसऱ्याच कुणाकडून कळलं. अभिनंदनाचा मेल तिनं दोनदा लिहिला, आणि दोन्ही वेळा न पाठवताच पुसून टाकला.