प्रधान काकूंचा चारचा कॉल

प्रधान काकू फोन ठेवण्याआधी प्रत्येक वेळी विचारायच्या, "झालं? ठेवू का?" समोरच्याने हो म्हटलं तरी क्षणभर थांबायच्या आणि मगच ठेवायच्या. मला आधी वाटलं, एकट्या राहतात, बोलायला कोणी नसेल. नंतर कळलं, की उमेदीची वीस-बावीस वर्षं त्या ट्रंक एक्सचेंजमध्ये परगावचे फोन हाताने जोडून देणाऱ्या ऑपरेटर होत्या. माणसांचं बोलणं संपल्याची खात्री केल्याशिवाय लाईन तोडायची नाही, हे त्यांच्या बोटांत मुरलं होतं. आता त्या नाहीत.

माझं डोंबिवली पूर्वेला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाइकं फोन करतात ते "सावंत, बंद पडलाय हो" एवढंच सांगायला. काय बंद पडलंय हे विचारलं की रागावतात. काकू ठाकुर्लीहून फोन करायच्या तेव्हा मात्र मी कागद-पेन घ्यायचो. "तक्रार एका वाक्यात सांगावी. दोन वाक्यं लागली तर तक्रारी दोन असतात," असं त्यांचं म्हणणं. आणि दुसरं म्हणजे, "लागत नाही असं सांगू नये. कुठपर्यंत लागतं ते सांगावं." हे वाक्य मी पुढे बऱ्याच गिऱ्हाइकांना स्वतःचं म्हणून ऐकवलं. त्याबद्दल मला अजून लाज वाटलेली नाही.

दुसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. हॉलमध्ये बाल्कनीच्या दाराशी कॉम्प्युटर, त्यावर जुन्या साडीचं शिवलेलं आच्छादन. शेजारी एक वही. मी आलो की तारीख, वेळ, तक्रार, मी काय केलं आणि निकाल, असं सगळं त्या वहीत लिहायच्या. मी चहा घेत असलो तरी निकालाचा रकाना भरल्याशिवाय मला उठता यायचं नाही. एकदा मी गमतीत म्हणालो, "काकू, मी काय चोर आहे का?" त्या न हसता म्हणाल्या, "नाही. पण माझी स्मरणशक्ती चोर आहे."

त्यांचा मुलगा निखिल जर्मनीत होता. आईच्या कॉम्प्युटरला काही झालं तर तिथूनच दुरुस्त करता यावं म्हणून त्याने एक खासगी नेटवर्क बसवून दिलं होतं. त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये एक व्हर्च्युअल अडॅप्टर तयार झाला होता. अडॅप्टर म्हणजे नेटची वायर जिथे लागते ते कार्ड. व्हर्च्युअल म्हणजे हे कार्ड यंत्रात कुठेच नसतं, सॉफ्टवेअर ते असल्याचं दाखवतं. निखिलने त्याला 'आई-घर' असं नाव दिलं होतं. नेटवर्कच्या यादीत ते नाव दिसायचं आणि त्याखाली 'कनेक्टेड' असं लिहिलेलं असायचं.

निखिल एक्केचाळिसाव्या वर्षी तिकडेच गेला. हार्ट अटॅक. काकूंना इतक्या झटपट व्हिसा मिळणार नव्हता. त्याच्या मित्रांनी अंत्यविधी व्हिडिओ कॉलवर दाखवायचं ठरवलं आणि काकूंनी मला फोन केला. एकच वाक्य. "सावंत, अकरा वाजता आवाज नीट यायला हवा." मी गेलो, स्पीकर लावला, मागे स्टुलावर बसून राहिलो. पाऊण तास चाललं. त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. पलीकडून कोणीतरी इंग्रजीत विचारलं, की आईंना काही बोलायचं आहे का. त्यांनी मान हलवली, पण कॅमेरा बंद होता. मग सगळं संपल्यावर त्यांनी वही ओढली, वेळ लिहिली आणि निकालाच्या रकान्यात लिहिलं, 'आवाज आला.' मला तेव्हा काहीच वाटलं नाही. जिना उतरताना पुढची व्हिजिट आंबिवलीची आहे, एवढंच डोक्यात होतं.

रोज दुपारी चार वाजता काकू ठाण्याला मोठ्या बहिणीला व्हिडिओ कॉल करायच्या. कुमुदताईंचं वय पंच्याऐंशीच्या पुढे, अंथरुणाला खिळलेल्या, दृष्टी जवळजवळ गेलेली. काकू त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या, अग्रलेखापासून छोट्या जाहिरातींपर्यंत. निखिलला जाऊन सहा-सात महिने झाले आणि हा कॉल मध्येच तुटायला लागला. तुटला की कुमुदताईंना वाटायचं बहीण रागावून उठून गेली. त्या रडायला लागायच्या, संध्याकाळी जेवायच्या नाहीत. त्यांची सून काकूंना कळवायची.

मी पाहिलं तर कारण सरळ होतं. निखिलच्या खात्याची मुदत संपली होती, पलीकडे आता काहीच नव्हतं, आणि कॉम्प्युटर मात्र मध्येच खऱ्या कार्डाला सोडून 'आई-घर'कडे वळत होता. तो अडॅप्टर काढून टाकायला हवा होता. माझा हात त्या नावावर थांबला. खाली अजून 'कनेक्टेड' लिहिलेलं होतं. काकू रोज ते बघत असतील, त्यांना त्यातून काही वाटत असेल, असं मी धरून चाललो. मी तो नुसता बंद केला आणि "सेटिंग बिघडलेलं" असं सांगितलं. त्यांनी तसं लिहून घेतलं.

पंधरा दिवसांनी अपडेट आला आणि तो पुन्हा चालू झाला. मी पुन्हा बंद केला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी वही माझ्यासमोर उघडून ठेवली. दोन तारखा, दोन्ही वेळा 'सेटिंग'.

"तुम्ही ते बंद करता, काढत नाही," त्या म्हणाल्या. "का?"

मी म्हणालो, काकू, निखिलने बसवलेलं आहे, म्हणून वाटलं राहू दे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यापुरता मी त्यांच्या एक्सचेंजमधला एखादा नवशिका झालो असेन.

"सावंत, माझ्यासमोर बोर्डावर लाईन जोडायच्या शंभर शंभर कॉर्ड असायच्या. कॉर्ड लागली आहे म्हणजे पलीकडे माणूस आहे, असं नसतं. पलीकडचा गेला असेल तर कॉर्ड काढायची. नाहीतर जिवंत माणसं ताटकळतात. कुमुद ताटकळते आहे. काढा."

मी काढला. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला तर अडॅप्टर यादीत हजर. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, की तो आणून ठेवणारं काहीतरी आत असणार, आधी ते काढा. बरोबर होतं. घाईत मीच उलट्या क्रमाने गेलो होतो. निखिलचं ते सॉफ्टवेअर आधी काढलं, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवायला लावली. तिथे 'आई-घर' हे नाव नव्हतं, कंपनीने दिलेलं लांबलचक इंग्रजी नाव होतं. त्यामुळे मला सोपं गेलं. ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅमही पुसायचा का, असं कॉम्प्युटरने विचारलं. मी काकूंकडे बघितलं. त्यांनी माझ्या हाताखालून माउस घेतला, चौकोनात खूण केली आणि बटण दाबलं. पुन्हा सुरू केल्यावर यादीत एकच कार्ड उरलं होतं, वायरचं.

चार वाजत आले होते. टिकतंय का बघायला मी थांबलो. कॉल लागला. पडद्यावर कुमुदताईंची उशी आणि अर्धा चेहरा दिसला. त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते पावसाचं किंवा तब्येतीचं नाही.

"निखिल कसा आहे गं?"

"बरा आहे," काकू म्हणाल्या. "कामात आहे." आणि पेपर उघडून वाचायला लागल्या. तासभर कॉल तुटला नाही.

मी निघताना दारापर्यंत आल्या. मी काही विचारलं नव्हतं, तरी त्यांनीच सांगितलं. कुमुदताईंना काही लक्षात राहत नाही. निखिल गेल्याचं त्यांना तीनदा सांगून झालं होतं. "तिन्ही वेळा तिला ते नव्याने कळलं. चौथ्यांदा नाही सांगितलं." मग वहीत निकाल लिहायला आत गेल्या.

दीडेक वर्ष तो कॉल रोज लागला. मधल्या काळात माझं जाणं कमी झालं, कारण तक्रारच नव्हती. मग कुमुदताई वारल्या. त्यानंतर आठवड्याभराने काकूंचा फोन आला, "सावंत, नेटचं कनेक्शन काढून टाकायचं आहे."

मी गेलो. कॉम्प्युटरवर आच्छादन होतं. मी म्हटलं, काकू, राहू दे की, कधी बातम्या बघाल, कोणाशी बोलाल. त्या नको म्हणाल्या. मग खुर्चीत बसल्या आणि बोलल्या, वही वाचून दाखवावी तशा.

"कुमुद रोज चार वाजता विचारायची. मी म्हणायचे, बरा आहे. माझ्याच तोंडून मला ऐकू यायचं. सावंत, तेवढ्यापुरता तो रोज बरा असायचा. आता विचारणारं कोणी नाही."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. मला विचारता आलं असतं. निखिल कसा आहे काकू, एवढे चार शब्द. ते तोंडाशी आलेसुद्धा. पण मला ते जमलं नाही. मी भिंतीवरून राउटर उतरवला, वायर गुंडाळली आणि त्यांनी निकाल लिहीपर्यंत दारात उभा राहिलो.