हिरामणनं चेंडू का टाकला नाही

मंडळी, लढाईपायी कागद मिळत नाही, म्हणून वाचनालयाच्या फळ्यावरच खडूनं लिहून राहिलो.

आज दुपारी छावणीच्या मैदानावर आपल्या शाळेचा संघ वसमतच्या संघाशी बास्केटबॉल खेळला. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आपण एका गुणानं पुढं होतो. चेंडू तांड्यावरच्या हिरामणच्या हातात होता आणि वसमतच्या बाजूच्या, चेंडू टाकायच्या कड्याखाली तो एकटाच होता. मी संघाला शिकवणारा मास्तर, पण खेळ चालू असताना मला बाहेरून बोलायची मनाई. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं.

मी मूळचा हुतूतूचा गडी. पुढं असलेल्यानं शेवटी नुसता वेळ काढायचा, एवढंच मला ठाऊक. हिरामण चेंडू घेऊन मागं फिरला. वसमतच्या दोघांनी त्याला घेरलं, चेंडू हिसकला आणि पळत जाऊन आमच्या कड्यात टाकला. लगेच घंटा झाली आणि आपण हरलो.

लोक त्याच्यावर धावले. "काहून टाकला न्हाई रे?" त्याचा बापही तेच म्हणाला. हिरामणनं माझं नाव घेतलं नाही. मीही गप्प उभा होतो. तेव्हापासून ना राग येतो, ना लाज वाटते. घरी जेवलोसुद्धा.

जाताना त्यानं विचारलं, "मास्तर, मी बराबर केलं ना?"

मी तेव्हाही नुसती मान हलवून हो म्हटलं.

त्याच्या बापाला वाचता येत नाही. तुमच्यापैकी कोणी त्याला हे वाचून दाखवाल काय?