काशीच्या मांडीतला बाण

सुरवसे सर चित्रकथा वाचायला घेत तेव्हा आधी पात्रांची तोंडं बंद करत. खिशातून मूठभर चिंचोके काढायचे आणि चित्रातल्या बोलण्याच्या फुग्यांवर एकेक करून ठेवायचे. मग मान तिरकी करून नुसतं पान बघत बसायचे. वर्गात पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा आम्ही पोरं हसलो. सर म्हणाले, "हसू नका रे. आधी बघा, मग वाचा. चित्राला सांगता येईना म्हणून शब्द घातलेत का, ते कळतंय यानं."

नळदुर्गच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे. माझे वडील मेंढरं राखायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. माझं चित्र बघून सर एकदा म्हणाले होते, "दत्ता, तुला हात न्हाय, पण डोळा हाय. तू लिहीत जा." बारावीनंतर धाराशिवला प्रवेश घ्यायला तेच माझ्याबरोबर आले. आज मी एका कॉलेजात नोकरी करतो आणि इथल्या साप्ताहिकाचं तरुणांसाठीचं पान सांभाळतो. त्या एका वाक्यावर माझं आयुष्य उभं आहे.

सरांनी ज्याला 'हात हाय' असं सांगितलं, तो बालाजी. अणदूरचा, माझ्याच वर्गातला. तो पुण्याला गेला आणि एका चित्रकथेचा चित्रकार झाला. 'बुरूज' नावाचा मोबाइलवरचा एक खेळ होता. काशी नावाची जासूद मुलगी निरोप घेऊन एका गडावरून दुसऱ्या गडावर धावते, असा. त्या खेळावरची चित्रकथा पूर्वी निघून बंद पडली होती. नव्या मंडळींनी ती पुन्हा पहिल्या अंकापासून सुरू केली आणि चित्रं बालाजीकडे आली. दुसरा अंक निघाला तेव्हा मी सरांना म्हणालो, "सर, आपल्या पानासाठी परीक्षण तुम्हीच लिहा." तोवर सर निवृत्त झाले होते. त्यांनी आधी नातवाच्या मोबाइलवर खेळ खेळून बघितला, मग चिंचोके काढले.

त्याच आठवड्यात शाळेनं बालाजीचा सत्कार ठेवला. आपल्याकडच्या सत्काराची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. हार, शाल, नारळ आणि ज्याला माइक मिळेल त्यानं कौतुक करायचं. बालाजीचे वडील नवा फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले होते. सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. सर उठले, चष्मा लावला आणि खिशातून परीक्षणाचा कागद काढून वाचू लागले.

सुरुवात फार सुंदर होती. पहिल्या अंकातला काळा दगड, उन्हात तापलेली तटबंदी, काशीचा दम लागलेला चेहरा, सगळ्याचं त्यांनी मनापासून कौतुक केलं. मग वाचलं, "पहिल्या अंकाच्या शेवटी काशीच्या मांडीत बाण घुसतो. दुसऱ्या अंकाच्या पहिल्याच पानावर ती तटावरून पळते आहे. जखम कुठे गेली? खेळात माणूस पडला की पुन्हा उठतो, त्याचं बळ आपोआप भरतं. कागदावर तसं होत नाही. कागदावर लागलेलं लागलेलंच राहतं. चित्रकारानं घाई केली आहे."

 संस्थेचे अध्यक्ष हसत म्हणाले, "सर, पेपर तपासायचं काम उद्या केलं असतं तर?" थोडे लोक हसले. बालाजीचे वडील मात्र उभे राहिले. "सर, आज माझ्या लेकराला ठोकायचा दिवस हाय व्हय?"

सर गोंधळले. "बापू, मी कौतुक बी केलो की. लई बारकाईनं बघितलो मी."

त्यांना खरंच वाटत होतं की पोराचा याहून मोठा मान कोणता असेल! बालाजी शाल मांडीवर ठेवून खाली बघत होता. जेवायला थांबला नाही.

त्यानंतर सरांना येणारे त्याचे फोन बंद झाले. दिवाळीला येऊन तो सरांच्या पाया पडायचा, तेही थांबलं. त्याच सुमारास साखरेच्या दुखण्यानं सरांची नजर जाऊ लागली. सोलापूरला उपचार झाले, पण फारसा उपयोग झाला नाही. तिसरा अंक आला तो मीच त्यांना सांगितला. ते एकच विचारत होते, "लंगडती का रे?"

"नाही सर."

"अजून रागात हाय म्हणायचं," एवढं बोलून ते भिंतीकडे वळले. औषधाबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. मात्र दारात पाऊल वाजलं की विचारायचे, "कोण? बालाजी का?"

पुढे दरवर्षीच्या रीतीनं अणदूरचा खंडोबा पालखीतून नळदुर्गला काही आठवड्यांच्या मुक्कामाला आला. त्याच्याबरोबर आलेल्या माणसांत बालाजीही होता. दुपारी तो सरांच्या खाटेजवळ येऊन बसला. मी तिथंच होतो.  मग बालाजी म्हणाला, "सर, सगळ्यांसमोर बोललात तुम्ही. बापू बसले होते समोर. मला एकट्याला सांगितलं असतं तर?"

सर म्हणाले, "व्हय. ते चुकलं माझं." मग पुढं म्हणाले, "पण पायाचं न्हाय चुकलं."

बालाजीला हसू आलं आणि डोळेही भरले. त्यानं पिशवीतून चौथ्या अंकाची कच्ची पानं काढली. सरांना काही दिसत नव्हतं, म्हणून तो सांगू लागला. "पायरीवर बसलीय सर ती. मांडीचं फडकं सोडायलीय."

"रगत ओलं हाय का वाळलेलं?"

"वाळलेलं."

"मग फडकं चिकटलं असंल. ओढताना तोंड कसं झालंय तिचं?"

बालाजी पानाकडे बघत राहिला. मग खोडरबर काढून त्यानं काशीचा चेहरा पुसला आणि तिथंच, गुडघ्यावर पान ठेवून, पुन्हा काढायला लागला. सर पेन्सिलीचा आवाज ऐकत पडून होते. मध्येच म्हणाले, "घाई करू नको. मला कुठं जायचंय?"

देव परत अणदूरला जायच्या आत सर गेले. बालाजी खांदा द्यायला होता.

चौथा अंक छापून आला. परीक्षण लिहायला आता दुसरं कुणी नव्हतं, मीच लिहिलं. पायरीवर बसलेल्या काशीचा चेहरा विसरता येत नाही, असं लिहिलं. शेवटच्या पानावरचा घोडा पळत नाही, नुसता उभा वाटतो, हेही लिहिलं. छापायला देण्याआधी बालाजीला फोन लावला आणि सगळं वाचून दाखवलं.

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "घोड्याचं खरंय दत्ता. छाप."