बोट लागते म्हणून बंडीत बसलो

आमच्या जळगाव जामोद तालुक्यात समुद्र नाही. वर सातपुडा आहे, खाली पूर्णा आहे, मधे कपाशी आहे. समुद्र मात्र कुठंच नाही. मुंबईत नोकरी लागेपर्यंत मला याचं कधी वाईट वाटलं नव्हतं.

नोकरी होती पाणबुड्याच्या मचव्यावर. बंदरात कुणाचा नांगर तुटून पडला, साखळी गेली, मालाचा पडाव बुडाला, की आमचा मचवा तिथं जाऊन उभा राहायचा. मग इब्राहीमचाचा नावाचे आमचे पाणबुडे अंगात रबरी पोशाख, पायांत शिशाचे जोडे आणि डोक्यावर भला मोठा पितळी टोप चढवून दर्यात उतरायचे. वरून नळीनं त्यांना हवा पोचवायची. हवेच्या पंपाला दोन बाजूंना दोन दांडे. एकावर एक जुना खलाशी, दुसऱ्यावर मी. माझी शाळा लवकर सुटली होती (म्हणजे मी सोडली, शाळेनंही राहा म्हणून फार आग्रह केला नाही), पण कापसाच्या जिनात चाकं फिरवून दंड तयार झाले होते. ते दंड बघून मचव्याचे मुख्य, म्हणजे तांडेल, यांनी मला ठेवून घेतलं. परक्या मुलखातल्या पोराला त्यांनी पोटाला लावलं, हे उपकार मी विसरणार नाही. त्या पोटाची चौकशी मात्र त्यांनी आधी करायला हवी होती!

मला बोट लागायची. चालताना कमी, नांगर टाकून उभी राहिली की जास्त. आधी तोंडाला पाणी सुटायचं, मग कपाळाला घाम, आणि मग असा उमासा यायचा की लहानपणी खाल्लेलं पुरणसुद्धा वर येऊन ओळख देऊन जाईल. कुणी म्हणालं आलं चघळ, चघळलं. कुणी म्हणालं लिंबू हुंग, हुंगलं. कुणी म्हणालं जवळ बघू नको, लांब बघ. लांब बघितलं. लांबचंही हलत होतं!

एक दिवस चाचा खाली असतानाच मला उमासा आला. मी दांडा सोडून कठड्याकडे धावलो. जुना खलाशी एकटा पडला, पंप मंदावला, आणि चाचांनी खालून दोरीला हिसक्यावर हिसके दिले. त्यांना ओढून वर घेतलं, टोप काढला. चेहरा जांभळा झाला होता.

"मी खाली काम करायला उतरलो होतो की पाणी प्यायला?" चाचा एवढंच बोलले. मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शिव्या तांडेलांनी दिल्या. मग म्हणाले, "मेल्या वऱ्हाड्या, तू कठड्यावर वाकलास की खाली माणूस मरतो, कळतंय काय? आता पावसाळ्यात मचवा किनाऱ्यावर ओढणार. घरी जा. पोटाचं काय करायचं ते कर, आणि नारळी पौर्णिमा झाली की ये. तेव्हा दांडा सुटला तर नोकरी सुटली!"

मी पोटाची काळजी पोटात घेऊन नांदुऱ्याच्या स्टेशनावर उतरलो.

घरी वेगळीच आफत. "आमचा सुखदेव समुद्राच्या बुडाशी नोकरीले हाये," असं बाबांनी गावभर सांगून ठेवलेलं. मी कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलो नव्हतो, हे सांगायची मला हिंमत नव्हती. पण मायला खरं सांगितलं.

"माय, मले बोट लागते."

"म्हंजे काय होते?"

"ओकारी होते."

"काऊन? काय खाऊ घालतेत तुले तिथी?"

"खाण्याचं नाई व. मचवा हालते."

"हालते तं हालू दे! तुह्या बाबाची खाट काय कमी हालते? ते ओकतेत का?"

बाबा खाटेवरच होते. ते उठून बसले. खाट हलली. ते ओकले नाहीत. मायचा मुद्दा सिद्ध झाला.

तेवढ्यात संग्रामपूरहून मामा आले. मामा एकदा पूर्णेला पूर असताना डोंग्यात बसून पलीकडे गेले होते. तेव्हापासून पाण्याच्या बाबतीत आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. (परत येताना ते पूर ओसरल्यावर चालत आले, हे त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं.)

मामांनी माझ्या पोटावर टिचकी मारली, कलिंगड बघतात तशी. "पोट नवं हाये," ते म्हणाले. "गोऱ्हा पयल्यांदा जुपला का बिथरते का नाई? तसंच हे. याले जुपा लागते."

"पण मामा, समुद्र कुठून आणाचा?"

"समुद्र काहाले पाह्यजे? वावर नांगरलेलं पडलं हाये ना! बंडी जुपतो अन् नांगराच्या तासाले आडवी घालतो. तुह्या समुद्राच्या बापाले जमणार नाई असं हालवतो तुले!"

ज्यांनी आमची काळी जमीन नांगरल्यावर बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो: उन्हानं वाळलेलं एकेक ढेकूळ उशीएवढं असतं, आणि दगडाशी त्याचं जवळचं नातं असतं.

"अन् हात?" बाबा म्हणाले. "याले तिथी पंप फिरवा लागते. हात रिकामे ठेवून काय फायदा?"

दांडा धरून फिरवायची वस्तू आमच्या घरी एकच होती. मामा आणि बाबा दोघांनी मिळून मायचं जातं उचललं आणि बैलबंडीत नेऊन दोरानं बांधलं. माय चुलीपासून धावत आली.

"जातं कुठी नेऊन राह्यले?"

"सुखाचं पोट सुधरवाले."

"मंग रिकामं नका फिरवू!" तिनं ज्वारीची टोपली बंडीत ठेवली. "बारीक दळजो बे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वावरात गेलो तर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, माणसं बसलेली. आमच्या वावरात बोट चालणार म्हणून गावात बातमी होती! मामा बैलांचे कासरे धरून पुढं बसले, मी बैलांकडे पाठ करून जात्यापाशी. बाबांना करायला काहीच उरलं नाही, त्यामुळे ते बेचैन झाले.

"तुह्या त्या चाचाले हवा कमी पडली तं ते काय करते?"

"दोरीले हिसका देते. हिसका आला का आपन पंप जोरात फिरवाचा."

"मंग चाचा मी होतो!" त्यांनी माझ्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं आणि बंडीच्या मागं उभे राहिले.

धुऱ्यावरून शेजारचे पांडुरंगकाका ओरडले, "काय हो, पाणबुड्याच्या डोक्यावर पितळेचा टोप असते म्हनत होते ना तुमी? तुमचा कुठी हाये?"

बाबांना अर्धवट काम खपत नाही. दोर सोडून ते घरी गेले आणि मायच्या लग्नातलं पितळी तपेलं घेऊन आले. फेट्यावरून ते डोक्यात घातलं. नाकापर्यंत छान बसलं. (फार छान बसलं, हे नंतर कळलं.) मग चाचपडत दोर पुन्हा मनगटाला गुंडाळला.

"चला!" तपेल्यातून आवाज आला.

मामांनी कासरे ढिले सोडले. नांगराच्या पहिल्याच सरीवर बंडी वर गेली, मी वर गेलो, मग बंडी खाली आली, मी अजून वरच होतो! ज्वारी टोपलीतून उडाली आणि निम्मी आपली आपण जात्यात पडली. मी दांडा घट्ट धरून फिरवायला लागलो.

"फिरव बे! सोडू नको!" मामा ओरडले.

मागं बाबांना तपेल्यामुळे पायांपुरतंच दिसत होतं. ढेकळावर अडखळले की त्यांच्या हाताचा हिसका दोराला बसायचा. हिसका म्हणजे हवा कमी! शिकवल्याप्रमाणे मी जातं जोरात फिरवलं. जातं जोरात फिरलं तसं पीठ उडालं. आमच्या वावरात वारा नेहमी गावाकडून येतो, तो माझ्या तोंडावरून सरळ बैलांकडे गेला. चांद्या बैलाच्या नाकात पीठ गेलं. चांद्या शिंकला. मोऱ्या बैलानं चांद्याला शिंकताना जन्मात बघितलं नव्हतं. तो घाबरला आणि दोघंही उधळले!

बंडी पळाली तसे बाबा ओढले गेले. ओढले गेले तसे हिसके वाढले. मला वाटलं, हवा फारच कमी पडते आहे. मी आणखी जोरात दळलं! आणखी पीठ, आणखी शिंका, आणखी वेग, आणखी हिसके! बाबा तपेल्यातून ओरडत होते, पण बाहेर फक्त "घूंऽऽ घूंऽऽ" एवढंच येत होतं. धुऱ्यावरचे लोक एकमेकांना समजावत होते, "पाण्याखाली असंच आयकू येते म्हने." एक जण म्हणाला, "अन् ते पांढरं?" "तो फेस."

"मामा, बंडी थांबवा!"

"काऊन बे? झाली का ओकारी?"

"नाई! बाबा!"

बाबांचं काय झालं ते बघायला मामा मागं वळले, आणि तिथंच त्यांचं चुकलं. पुढं पळणाऱ्या बंडीत मागं तोंड, नाकात पीठ, खाली ढेकळं! पूर्णेचा पूर ओलांडलेले मामा बंडीच्या बाजूनं वाकले आणि नांगरलेल्या वावरात सकाळचा चहा, रात्रीचं पिठलं आणि पाण्यावरची सगळी सत्ता एकदमच टाकून मोकळे झाले.

बैल थेट घरी गेले. दारात माय परात घेऊन उभी होती. बंडीत बघून म्हणाली, "पीठ कुठी हाये?"

पीठ आमच्यावर होतं. बैल पांढरे, मामा पांढरे, मी पांढरा. मागून एक पांढरं धोतर आणि त्यावर एक तपेलं धापा टाकत आलं आणि उंबऱ्याशी बसलं.

तपेलं निघेना! आत फेटा सुटून कडेला गच्च दाटला होता. मी ओढलं, मायनं तेलाचा हात लावून ओढलं, तर तेलानं घसरून ते नाकाच्याही खाली गेलं. आतून बारीक आवाज आला, "हवा... सुखा, हवा..."

एक चाचा मी अर्धे मारले होते, आता दुसरे! मी चुलीजवळची फुंकणी आणली, तपेल्याच्या कडेतून बाबांच्या नाकाशी लावली आणि जीव खाऊन फुंकायला लागलो. (माझ्या तोंडची हवा वापरलेली असते हे मला तेव्हा कोण सांगणार!) मायनं तेवढ्यात मागच्या बाजूनं फेट्याचं एक टोक शोधलं आणि ओढायला सुरुवात केली. फेटा निघतच राहिला, निघतच राहिला, आणि मग एकदम ठप्पकन तपेलं सुटून अंगणात घरंगळत गेलं.

बाबा लालबुंद. त्यांनी आधी पोटभर श्वास घेतला. मग म्हणाले, "त्या चाचाले सांग, हे काम सोड म्हना." मग माझ्याकडे बघून, "तुले झाली का ओकारी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पोट चाचपलं. नाही! गडबडीत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला काहीच झालं नव्हतं!

मायच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं माझी दृष्ट काढली, बैलांना गूळ दिला आणि मामांना लिंबाचं पाणी. पाऊस पडेपर्यंत आम्ही रोज बंडी काढली. मामांना संग्रामपूरला अचानक खूप कामं निघाली आणि बाबांनी दोर धरायचं नाव काढलं नाही, पण मी दळत राहिलो. त्या वर्षी आमच्या घरी पिठाची कमी नव्हती, फक्त ते वावरातून झाडून आणावं लागायचं.

नारळी पौर्णिमेनंतर मी छाती काढून मचव्यावर चढलो. आम्ही बंदराच्या तोंडाशी नांगर टाकला. चाचा उतरायच्या आधी माझ्याकडे एकदा बघून घेऊन उतरले. तांडेल माझ्या समोर येऊन उभे राहिले, हाताची घडी घालून.

आणि मला एक गोष्ट कळली, जी बंडीत कळली नव्हती. बंडी दणके देते. समुद्र दणके देत नाही. तो हळूच उचलतो, वर नेऊन जरा विचार करतो, आणि मग सोडतो.

तोंडाला पाणी सुटलं. कपाळाला घाम आला. मी मनातल्या मनात मायची, बाबांची, दोन्ही बैलांची माफी मागितली. तांडेलांची नजर माझ्या हातांवर. उमासा आला, आणि मी ओकलो!

पण हात फिरत होते. मलाच आश्चर्य वाटलं. पोट आपलं काम करत होतं, हात त्यांचं. जग उलटंपालटं झालं की जोरात फिरवायचं, एवढंच त्या हातांना वावरानं शिकवलं होतं. दांडा खाली जाताना ओकायचं, वर येताना श्वास घ्यायचा, असा ठेका बसला की समोरचा जुना खलाशी म्हणाला, "अरे, जरा हळू, मला दम लागला!"

चाचा काम संपवून वर आले. टोप काढला. मी दांड्याला धरून उभा होतो.

"आज हवा एकदम मस्त होती," चाचा म्हणाले. "खाली बसून झोपावंसं वाटलं. ह्याचं पोट बरं झालं वाटतं?"

तांडेलांनी माझ्या पायाखालच्या फळ्यांवर नजर टाकली आणि धोतर वर धरलं. "पोट नाही झालं बरं. हात झाले तयार. ठेवतो ह्याला."

मी त्यांच्या पाया पडलो. (ते दोन पावलं मागं सरकले.) तेव्हापासून मी इथंच आहे. वारा जिकडे वाहून जातो त्या बाजूचा दांडा मला कायमचा नेमून दिला आहे. तिथं कुणी बसत नाही, कुणी भाकरी सोडत नाही, आणि खलाशांनी त्या कोपऱ्याचं नाव ठेवलं आहे 'वऱ्हाड'. नवा माणूस आला की तांडेल आधी बजावतात, "मचवा आपलाच समज, कुठं पण बस. फक्त वऱ्हाडात जाऊ नको, पाय घसरेल!"

इंग्रज सरकारनं आमचं वऱ्हाड नागपूरच्या मध्यप्रांताला जोडलं, ते बसल्या जागी आणि कागदावर. समुद्राला जोडलं ते मी, आणि त्यासाठी पोटात होतं नव्हतं तेवढं सगळं दिलं!