बाबांनी लूम थांबवले

आज स्टुडिओच्या दाराला कुणीतरी तेल घातलं आणि त्या वासानं मी थेट कामतघरच्या आमच्या यंत्रमागाच्या, म्हणजे लूमच्या, कारखान्यात पोचलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी संगीत दिलेली पहिली मालिका टीव्हीवर सुरू होणार होती. खडखडाटात टीव्ही ऐकू येईना, म्हणून बाबांनी भर शिफ्टमध्ये सगळे लूम बंद केले.

“सेठ, बिजली गयी क्या?” कारागिरानं विचारलं.

“नहीं रे, बेटे का गाना है.”

शीर्षकगीत संपलं. “बरं हाय. चला, चालू करा,” बाबा एवढंच म्हणाले. मी खट्टू झालो.

पुढे भयपट केले, विनोदी मालिका केल्या, जाहिरातीही. दिग्दर्शक म्हणतात, “संगीताचा आवाज अजून थोडा वाढवा ना.” मी वाढवत नाही. ऐकणाऱ्यानं माझ्यासाठी लूम थांबवलेत, असं धरूनच मी चाल बांधतो.